उघड सांगितलेली सून

फुलसिंग पाडवीला खोटं बोलता येत नाही असं सगळी वसाहत म्हणायची, आणि ते काही कौतुकाने नव्हे. बाजारात बैल विकायला नेला, तर गिऱ्हाइकाने बैलाच्या पाठीवर हात ठेवायच्या आधीच हा सांगून मोकळा व्हायचा की बैल पाण्यात शिरायला बिचकतो. बैल परत घरी. बायको होती तोवर ती त्यावरून भांडायची. ती गेल्यावर ते काम शेजारणींनी आपसात वाटून घेतलं.

वसाहत म्हणजे तळोद्याकडच्या सपाटीवर सरकारने वसवलेली घरं. फुलसिंग मूळचा नर्मदेकाठचा. मणिबेलीच्या वरच्या अंगाला एक पाडा होता, तिथला. होता म्हणायचं, कारण धरणाचं पाणी चढलं आणि पाडा, शेत, मोहाची झाडं, पुरलेली माणसं असं सगळं खाली गेलं. पाणी यायच्या आधी नावं लिहून घेणारे आले, तेव्हा फुलसिंगचा थोरला भाऊ जात्र्या रानात जाऊन बसला. सरकारला नाव सांगितलं की मागून दंड येतो, एवढं वनखात्याने त्याला चांगलं शिकवलं होतं. फुलसिंग मात्र दारात उभा राहिला. बापाचं नाव सांगितलं, आज्याचं सांगितलं, शेताचा बांध न बांध चालून दाखवला. तो धरणग्रस्तांच्या यादीत 'घोषित' झाला, त्याला जमीन मिळाली. जात्र्या 'अघोषित' राहिला आणि पुढे गुजरातेत ऊस तोडता तोडता एका पालात मेला. भावाला माती देऊन आल्यापासून फुलसिंगच्या डोक्यात एक गोष्ट जी बसली ती बसली, की सरकारपुढे उभं राहून सांगावं. लपू नये.

पुढचं सगळं या एका गोष्टीने झालं. त्याला मूर्ख म्हणायचं असेल तर म्हणा, पण आधी ऐकून घ्या.

त्याचा मुलगा दलसिंग सौराष्ट्रात भागिया म्हणून जायचा. पटेलाच्या शेतात कपाशी पिकवायची आणि पिकातला ठरलेला वाटा घ्यायचा. शेजारच्या शेतावर असंच राबणारं एक कुटुंब होतं, तेही भिल्लच, पण सिंधमधून आलेलं. तिकडे जमीनदाराकडे पिढ्यान् पिढ्या बांधलेली माणसं. पोरींना उचलून नेऊ लागले तशी ती देवदर्शनाच्या व्हिसावर इकडे आली आणि परत गेलीच नाहीत. त्यांना राहायला मुदतीचा परवाना मिळाला होता, पण अटीचा. जिल्ह्याबाहेर पाऊल टाकायचं तर आधी विचारायचं. त्यांची मुलगी जमना. दलसिंग तिला घेऊन निघाला तो थेट वसाहतीत आला. प्रेमात पडलेल्या माणसांनी परवानगीचा अर्ज केल्याचं आजवर कुणी ऐकलेलं नाही.

पोरगी पळून आली की पंच बसतात, ही डोंगरातली रीत सपाटीवर उतरली तरी सुटली नव्हती. फुलसिंग स्वतःच पंचांतला एक. त्याने जमनाला सगळ्यांच्या मधोमध उभी केली आणि मोठ्याने सांगितलं, ही अमक्याची मुलगी, अमक्या गावची, अमक्या कुळाची, पाकिस्तान नावाच्या मुलखातून आलेली, आणि माझ्या मुलाने हिला आणली आहे. यात एक अक्षर झाकायचं नसतं. झाकलं तर तो गुन्हा, सांगितलं तर गुन्हा उरतच नाही. मग मोहाच्या दारूची धार जमिनीवर टाकली, पानाच्या द्रोणातून सगळे थोडं थोडं प्याले आणि जमना गावाची झाली. आता तिच्या अंगाला कुणी हात लावला तर तो गावाला लावला.

तिच्या बापाला फोन लावून पंचांनी त्यालाही विचारलं. तो तिकडून रडत म्हणाला, "तुमच्या पदरात घातली. फक्त सरकारच्या कानावर जाऊ देऊ नका." फुलसिंगला ते पटलं नाही. पण व्याही पहिल्यांदाच बोलत होता, म्हणून तो गप्प बसला.

जमना कामाला वाघीण होती. भिल्ली बोली तिने इतकी झटकन उचलली की शिव्या शिकायलाही वर्ष लागलं नाही. जुन्या लुगड्यांचे तुकडे जोडून ती सिंधकडच्या धाटणीची गोधडी शिवायची, रल्ली म्हणायची तिला. शेजारची आशा तिच्याजवळ बसून शिकली. पुढे पुढे त्या दोघी एकमेकींच्या घरात न विचारता तव्यावरची भाकरी उचलून खायच्या. रिना जन्मली ती फुलसिंगच्या मांडीवरच वाढली. सासऱ्याला जमना 'बापा' म्हणायची आणि त्याच्या बैल विकण्यावर पोटभर हसायची. अशी वर्षं गेली. कुणाला काही अडलं नाही.

अडलं ते तापाने. जमनाला मलेरिया झाला, सरकारी दवाखान्यात न्यावं लागलं, आणि तिथे आधार कार्ड मागितलं. दलसिंगने घरातलं एक कार्ड पुढे केलं. ते त्याच्या मेलेल्या बहिणीचं होतं. आठवडाभर नर्सा जमनाला त्या नावाने हाका मारत राहिल्या आणि फुलसिंग खाटेशेजारी बसून मेलेल्या लेकीचं नाव ऐकत राहिला. जिवंत सुनेला मेलेल्या मुलीखाली झाकायचं, हे त्याला सोसेना. तिथेच त्याने ठरवलं. गावाने मानली, आता सरकारनेही मानायला हवी. आपण म्हातारे झालो. आपल्यामागे हिच्यासाठी उभं राहून सांगणारं कोण?

दलसिंगने पुष्कळ समजावलं. जमना तर पाया पडली. "बापा, नको. आम्ही सांगत नाही म्हणून जगतोय."

"माझा भाऊ पण असंच म्हणायचा," फुलसिंग म्हणाला. आणि त्याच्या भावाचं काय झालं हे घरात सगळ्यांना पाठ होतं.

तालुक्याच्या ठाण्यात चुडामण नावाचा हवालदार होता, तापीकाठच्या गावचा, बाजाराच्या दिवशी फुलसिंगच्या हातची विडी ओढणारा. फुलसिंग धुतलेलं धोतर नेसून, जमनाला नवं लुगडं नेसवून त्याच्यापुढे गेला. नात जमनाच्या कडेवर होती. पंचांपुढे उभा राहायचा तसाच तो ताठ उभा राहिला आणि त्याला येत होती तेवढ्या अहिराणीत म्हणाला, "साहेब, हाई मन्ही सून शे. जमना. पाकिस्तानमाईन उनी. आम्हना पंचेसनी तिले आपली मानी लिधी. आते सरकारनी बी मानी ले."

 आतल्या खोलीतला अधिकारी बाहेर आला. त्याने परत सांगायला लावलं, तर फुलसिंगने परत सांगितलं, पहिल्यापेक्षा मोठ्याने.

चुडामण त्याला हाताला धरून बाहेर वडाखाली घेऊन गेला. "हाई काय करी ठेवं रे दादा? मन्हा कानमां सांगतास ते मी आयकं नही आसं करी लेतू. तू ते साहेबना मोरे बोंब मारी उना. पाकिस्ताननं नाव आयकं का वरथून फोन येतस. आते मन्हा हातमां काहीच नही ऱ्हायनं."

"मी ते खरं सांगं."

"खरं सांगं म्हनीसनच ते!" चुडामणने कपाळावर हात मारला. "आनि आयक, तिले घरमां ठेवनारा बी गुन्हामां येस. तू, तुन्हा पोऱ्या, समदा. घर जाय नि तोंड बंद ठेव. गावले बी सांग. कोनी इचारं ते सांगजो, आम्हले माहीत नही."

दाराशी बाकावर बसवलेली जमना हे ऐकत होती. तिने रिनाच्या डोक्यावरचं फडकं सारखं केलं, तिला फुलसिंगकडे दिलं आणि एकटी आत गेली. घरातल्या कुणाचं नाव तिने जबाबात येऊ दिलं नाही. मी पळून आले, मजुरी करून जगले, एवढंच सांगितलं. चुडामणनेही तेवढंच लिहून घेतलं, आणि अधिकाऱ्याला तेवढ्यात भागलं. एवढं पुण्य चुडामणच्या खात्यात धरायला हरकत नाही.

आता हे जरा समजून घ्यायला हवं. आपल्या देशात निर्वासितांचा कायदा नाही. वाईट कायदा आहे असं नव्हे, कायदाच नाही. परदेशी माणसांचा कायदा आहे, आणि त्यात ताजमहाल बघायला आलेला गोरा आणि जीव घेऊन पळालेली जमना एकाच रांगेत उभे राहतात. कोण राहणार, कोण जाणार, हे त्या त्या वेळच्या परिपत्रकावर ठरतं, दिल्लीतल्या हवेवर ठरतं, आणि खुर्चीत कोण बसलंय त्यावर ठरतं. मेहेरबानी झाली तर माणूस जन्मभर राहतो. नाही झाली तर त्याला मागायला हक्काचं असं काही नसतं. डोंगरातल्या निरक्षर पंचांकडे यासाठी एक रीत होती आणि ती एका दुपारी उरकली होती. एवढ्या मोठ्या सरकारकडे ती नव्हती.

अटकेनंतर नंदुरबारच्या कोर्टात जमनाला सरकारी खर्चाने वकील मिळाली, चारुलता पाटील. शेतकऱ्याच्या घरातली, तिशीची, भराभर बोलणारी. तिने फुलसिंगला कोर्टाच्या पायरीवर बसवून समजावलं. "बाबा, नागरिकत्वाच्या कायद्यात नवं एक दार केलंय, पण त्यावर तारीख आहे. ही त्या तारखेनंतर आली. तिचा परवाना तिकडच्या जिल्ह्यातला, तो कधीच संपला. लग्नाचा आधार घ्यावा तर तुमचं लग्न नोंदलेलं नाही."

"पंच बसले होते," फुलसिंग म्हणाला.

"पंचांची कोर्टात किंमत नाही हो."

"मग तुमच्या कोर्टाची पंचांनी ठेवायची का?"

चारुलताला हसू आलं आणि लगेच वाईटही वाटलं. खटला चालला, जमनाने गुन्हा कबूल केला, शिक्षा झाली ती तुरुंगात काढलेल्या दिवसांतच भरली. सुटली असं वाटलं, पण सुटका नव्हतीच. परत पाठवेपर्यंत ताब्यात ठेवा, असा हुकूम आला आणि तिला दूरच्या शहरातल्या एका बंद इमारतीत नेलं, अशाच अडकलेल्या बायकांत. पाकिस्तान तिला आपली म्हणेना, कारण तिचा पासपोर्ट मुदत संपलेला. भारत तिला आपली म्हणेना. तिकडे जायला रस्ता नाही आणि इकडे यायला दार नाही. मधल्या मध्ये किती काळ ठेवायचं, हे हुकमात लिहिलेलं नव्हतं.

फुलसिंग त्या काळात झिजला. जेवण पुढे आलं की रिना आईबद्दल विचारायची, आया कधी येईल, आणि हा माणूस, ज्याला खोटं बोलता येत नव्हतं, तो म्हणायचा, "माहीत नाही." ते खरंच होतं. मग त्याने पंच बोलावले आणि आपण होऊन मधे उभा राहिला. "गावाने तिला पदरात घेतली होती. मी बाहेर काढून दिली. माझं चुकलं. आता कुणी विचारायला आलं तर गावाने तोंड उघडायचं नाही. जमना इथे नव्हती, कुणी तिला पाहिली नाही. जो बोलेल तो मला मेला." हे सांगताना त्याचा आवाज फाटला. लोकांनी माना हलवल्या. दलसिंगने तर ज्या सिमवर सासऱ्याचे फोन यायचे ते काढून तापीत टाकलं आणि पुन्हा सौराष्ट्राच्या वाटेला लागला. घरात राहवत नव्हतं त्याला.

चारुलता मात्र स्वस्थ बसली नव्हती. तिने हायकोर्टात अर्ज केला होता, की या बाईला नवरा आहे, मूल आहे, गाव आहे, तर बंद ठेवण्याऐवजी तिला घरच्यांच्या हमीवर राहू द्या, ती आठवड्याला ठाण्यात हजेरी देईल. कोर्टाला ते बरं वाटलं. कोर्टाने विचारलं, असं घर खरंच आहे का, ते तिला ठेवून घेतील का, पोलिसांनी चौकशी करून कळवावं. जमनाच्या सुटकेची अशी वाट पहिल्यांदाच निघाली होती. चारुलताने ती बातमी द्यायला दलसिंगला फोन लावला. लागला नाही. पुन्हा पुन्हा लावला. निरोप धाडायला चुडामणला गाठावं, तर त्याची बदली झालेली.

चौकशीला आला तो साध्या कपड्यातला माणूस, मोटरसायकलवर, भर दुपारी. फुलसिंग त्या दिवशी धडगावला नात्यातल्या मौतीला गेला होता. त्या माणसाने पहिल्याच अंगणात, आशाच्या अंगणात, गाडी लावली. आशा दारात रल्लीला टाके घालत होती. तिने ती गुंडाळून मांडीखाली सारली.

"जमना नावानी बाई आठेच ऱ्हाये का? पाकिस्ताननी?"

"नही भाऊ."

"फुलसिंग पाडवीनी सून?"

"त्याना पोऱ्यानं लगीनच व्हयेल नही."

"पोर शे ना घरमां?"

"ती मन्ही शे," आशा म्हणाली आणि खेळत असलेल्या रिनाला जवळ ओढलं. तो माणूस आणखी चार घरी गेला. चारही घरांनी तेच सांगितलं, आणि इतकं एकसारखं सांगितलं की त्याला संशय यायला हवा होता. पण ऊन होतं, पोरं गाडीमागे लागली होती, आणि मिळालं ते उत्तर लिहायला सोपं होतं.

संध्याकाळी फुलसिंग जीपमधून उतरला तशी आशा धावत आली. "बा, आला होता एक. मी एक शब्द सांगितला नाही. कुणीच नाही सांगितला."

फुलसिंगने तिच्या डोक्यावर हात ठेवला. "माझी पोरगी," तो म्हणाला. त्या रात्री कित्येक महिन्यांनी तो पोटभर जेवला.

नंतर चारुलता स्वतःच वसाहतीत आली. चप्पल न काढता अंगणात उभी राहिली आणि हातातला कागद तिने फुलसिंगपुढे धरला, त्याला वाचता येत नाही हे विसरून. "काय केलंत बाबा? कोर्टाने विचारलं होतं, हिला घर आहे का. तुमच्या गावाने सांगितलं, अशी बाईच नव्हती. अर्ज फेटाळला." तिला रडू येत होतं आणि राग आला होता, आणि दोन्हीमुळे तिला नीट बोलता येत नव्हतं.

फुलसिंग तो कागद हातात धरून अंगणातच बसला. आशा दारातून ऐकत होती. तिने तोंडात पदर कोंबला आणि घरात निघून गेली.   सांगायची वेळ आली आहे हे कळलं असतं, तर तीच सगळ्यांत मोठ्याने बोलली असती.

आता एकच राहिलं होतं. जमनाने स्वतः सांगायचं की हा माझा सासरा, ही माझी मुलगी, आणि तिथल्या अधिकाऱ्याने ते नोंदवून घ्यायचं. मग चौकशी पुन्हा मागता आली असती. चारुलताने खटपट करून भेटीची परवानगी मिळवली. फुलसिंग रिनाला घेऊन गाडीने निघाला. पोरगी खिडकीशी बसून आईला काय काय सांगायचं ते बोटांवर धरत होती आणि मधेच विसरत होती.

त्या इमारतीत वकिलाला आत सोडलं नाही. भेट फक्त नातेवाइकाची, असं फाटकावरचा म्हणाला. चारुलता बाहेर राहिली. आत लांब टेबल होतं आणि पलीकडे एक अधिकारी, माणूस काही वाईट नव्हता. त्याने रिनाला पाणी दिलं. मग जमनाला आणलं.

ती वाळली होती. केस कापलेले होते. तिने आधी रिनाकडे पाहिलं, मग फुलसिंगकडे, आणि मग नजर खाली घातली ती तशीच ठेवली. तिला मागच्याच आठवड्यात सांगितलं होतं की तुझ्या गावात तुला कुणी ओळखत नाही. इतर बायका असं ऐकून भिंतीवर डोकं आपटतात. जमनाने ते ऐकलं आणि तिला कळलं, गाव लपलंय. ठेवणाराही गुन्ह्यात येतो हे चुडामणचं बोलणं तिने स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. म्हणजे लपून सगळे वाचले होते. आणि हा भोळा म्हातारा पुन्हा आला होता, पुन्हा सगळं सांगायला.

"हा माणूस म्हणतो तू त्याची सून आहेस," अधिकारी म्हणाला. "ओळखतेस?"

"नाही, साहेब."

"जमना!" फुलसिंग ओरडला. "सांग! आता सांगायचंय! वकीलबाई बाहेर उभी आहे, सांगितलं की सुटशील!" तो भिल्लीत बोलत होता, आणि भिल्ली आपल्याला कळते हे तिला दाखवायचंच नव्हतं. त्याच्या शब्दांवर तिचा विश्वासही नव्हता. असाच एकदा तो सरकारपुढे बोलला होता.

"आया," रिना म्हणाली.

जमनाने वर पाहिलं नाही. ती तुटक हिंदीत अधिकाऱ्याला म्हणाली, "बच्ची घबरा गई है. इसकी माँ घर पे राह देखती होगी. इनको जाने दो."

अधिकाऱ्याने पुढ्यातले कागद चाळले. गावचा अहवाल हेच म्हणत होता आणि बाईही हेच म्हणत होती. एकट्या म्हाताऱ्याचं ऐकायचं तरी कशाच्या आधारावर, असं तो म्हणाला, आणि त्याच्या जागेवरून पाहिलं तर तो चुकत नव्हता. त्याने भेट संपल्याची नोंद केली. जमना स्वतःच उठली आणि आत गेली.

फुलसिंग बाहेर आला तेव्हा रिना त्याच्या खांद्यावर होती, रडून रडून गरम झालेली. चारुलता पुढे धावली. "बोलली का ती? काय म्हणाली?"

"बोलली," फुलसिंग म्हणाला. "आम्हाला वाचवलं तिने." आणि तो भर रस्त्यात, नातीला छातीशी धरून, ओक्साबोक्शी रडायला लागला.